शाळेचे कुलूप आणि साथीचा रोग

कोरोनाच्या साथीबाबत पुकारलेली जागतिक आणीबाणी संपली, असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. आणि त्या दिवसापासून आपल्या लोकांनी त्या प्रकरणाचे दप्तर जे बांधून माळ्यावर टाकले, ते पुन्हा सोडून पाहण्याची इच्छा फारशा कोणास झालेली दिसत नाही. हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. ज्या घरात मृत्यू होऊन गेला त्या घरात औषधाच्या रिकाम्या बाटल्या कोणी जपून ठेवीत नाही. परंतु जो व्यापारी बुडीत वर्षाची खतावणी न पाहताच दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन करतो, त्याचे पुढील वर्षही बुडीत जाण्याचा संभव फार, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. त्या दोन वर्षांच्या खतावणीत अनेक खाती आहेत. आज आम्ही त्यांतील एकच उघडणार आहो, ते म्हणजे मुलांच्या शाळांचे. साथ चालू असता शाळा कोणी बंद कराव्या, किती काळ कराव्या, आणि विशेषेकरून त्या पुन्हा उघडाव्या कशा, याविषयी आधीपासून ठरलेला, छापलेला व आईबापांस ठाऊक असलेला नियम तेव्हा आपणांपाशी नव्हता. तो नसल्यामुळे काय घडले व तो पुढे कसा असावा, एवढाच आजच्या लेखाचा विषय.

प्रथम घडलेल्या गोष्टी तारीखवार पाहू. मार्च २०२०च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा शेवटचा पेपर राहिला तो राहिलाच. ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहे व मद्यालये निम्म्या बैठकीवर उघडली. नोव्हेंबरच्या आरंभी चित्रपटगृहे उघडली, १६ नोव्हेंबरला देवळांची दारे उघडली, आणि त्यानंतर २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग उघडले. तेही मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे वगळून. पाचवी ते आठवीच्या वर्गांस २७ जानेवारी २०२१ हा दिवस पाहावा लागला, आणि थोड्याच आठवड्यांत दुसरी लाट येऊन सर्व पुन्हा बंद झाले. १५ जुलै २०२१ रोजी रोगमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. १७ ऑगस्टला आणखी वर्ग उघडण्याचा हुकूम निघाला आणि तज्ज्ञांच्या समितीने हरकत घेताच तो तहकूब झाला. ४ ऑक्टोबरला खेड्यांतील पाचवीपासूनचे व शहरांतील आठवीपासूनचे वर्ग भरले. चित्रपटगृहांचे पडदे २२ ऑक्टोबरला पुन्हा उजळले. पहिलीच्या मुलाने मात्र १ डिसेंबर २०२१ची वाट पाहिली. मुंबईत ती तारीख १५ डिसेंबरवर गेली, आणि तीन आठवडे होतात न होतात तोच तिसऱ्या लाटेच्या भयाने तेथे पुन्हा कुलूप पडले. अखेर २४ जानेवारी २०२२ पासून शाळा क्रमाक्रमाने कायमच्या उघडल्या.

या तारखांच्या माळेवरून एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येईल. मद्यालये आधी आणि विद्यालये मागाहून, असा क्रम आपल्या समाजाने एकदा नव्हे तर दोनदा चालू दिला. तो कोणी दुष्टबुद्धीने ठरविला असे आमचे म्हणणे नाही. उपाहारगृहांच्या मालकांची मंडळे आहेत, चित्रपटगृहवाल्यांचे संघ आहेत, देवळांसाठी आंदोलने करणारे पक्ष आहेत. सात वर्षांच्या मुलाचा संघ नाही, त्यास मत नाही, आणि त्याचे नुकसान कोणत्याही जमाखर्चात त्या वर्षी दिसत नाही. ज्याचा आवाज नाही त्याचे काम शेवटी, हा सरकारी कचेरीतील जुना शिरस्ता आहे. तो मोडण्यासाठीच सुशिक्षितांनी व वर्तमानपत्रांनी बोलावयाचे असते. आणि त्या वेळी आपण सर्वांनी पुरेसे बोललो नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल. मुलांच्या जिवापेक्षा पाढे मोठे आहेत काय, असे आम्हांस विचारले जाईल. आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या ते योग्यच झाले. रोग नवा होता, तो कोणास किती मारतो हे ठाऊक नव्हते, आणि अंधारात चालणाऱ्याने पाऊल आवरणे यात भित्रेपणा नाही. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूसाठी लोक दारोदार फिरत होते, तेव्हाही शाळा बंदच असणे भाग होते. शिवाय आपल्या घरांत आजोबा, बाप व नातू एकाच खोलीत निजतात. मुलाने आणलेला रोग मुलापाशीच थांबत नाही, हेही खरे. आमची तक्रार बंद करण्याविषयी नाही. ती उघडण्याची योजना नसण्याविषयी आहे. दार लावणे हे घाबरलेल्या माणसासही जमते, पण ते केव्हा व किती उघडावे हे विचारी माणसासच ठरविता येते.

आणि केवळ कुलुपाने मुलांचे रक्षण होते हा समजही त्याच काळात खोटा ठरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ताची जी चौथी पाहणी केली, तीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ५७·२ जणांच्या रक्तात रोगाशी झगडल्याच्या खुणा सापडल्या. ही अशी मुले की ज्यांच्या शाळा सव्वा वर्ष बंद होत्या! रोग शाळेच्या वाटेने आला नाही; तो घराच्या, बाजाराच्या व लग्नमंडपाच्या वाटेने आला. याच परिषदेच्या प्रमुखांनी जुलै २०२१ मध्ये, शाळा उघडावयाच्या तर प्रथम प्राथमिक वर्ग उघडणे शहाणपणाचे, असे सांगितले होते. आपण नेमके उलट केले. परीक्षा मोठ्या मुलांची, म्हणून वर्गही आधी मोठ्या मुलांचे! जो मुलगा स्वतः पुस्तक वाचू शकतो त्यास गुरुजी आधी मिळाले, आणि ज्यास अक्षर ओळखावयाचे होते तो घरी बसला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते कागदोपत्री दुसरीत होते.

दूरध्वनीच्या पडद्यावरून शिक्षण चालू होतेच की, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या घरी तो पडदा होता त्यांच्यापुरते ते थोडेबहुत खरे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांतील गरीब वस्त्यांतून सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. तीत खेड्यांतील मुलांपैकी नियमितपणे अशा रीतीने शिकणारी शेकडा ८ आणि मुळीच न शिकणारी शेकडा ३७ आढळली. पुढे २०२२च्या ‘असर’ पाहणीत दिसले की ग्रामीण भारतात तिसरीच्या ज्या मुलांस दुसरीचे पुस्तक वाचता येते त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा २७·३ होते, ते २०·५ वर आले. आधीच तुटपुंजे मुद्दल, त्यातही ही घट! व्यापाऱ्याचे बुडालेले भांडवल पुढील हंगामात भरून येते. मुलाचे सातवे वर्ष पुन्हा येत नाही. सधनाच्या मुलास घरी शिकवणी लागली. मजुराचे मूल आईबापांबरोबर कामावर गेले. साथीने श्रीमंत-गरीब असा भेद केला नाही असे म्हणतात, पण शाळेच्या कुलुपाने तो खचित केला.

आता इतरांचे अनुभव पाहू. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या, परंतु न्यूयॉर्क व शिकागो यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांचा कोटिक्रम साधा होता. शहरातील बहुसंख्य मुले कोंदट, गर्दीच्या इमारतींत राहतात. शाळेत त्यांस प्रकाश व वारा मिळतो, शिक्षकाची नजर असते, आणि रोज वैद्यकीय तपासणी होऊन आजारी मूल त्याच दिवशी वेगळे काढता येते. ही व्यवस्था त्या शहरात साथीपूर्वीच उभी होती, म्हणून साथीत ती उपयोगी पडली. तहान लागल्यावर तेथे विहीर खणावी लागली नाही. त्याही आधी, क्षयरोगाच्या भयाने, १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे झाडीत उघड्यावर शाळा भरविली गेली, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात भर हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून वर्ग चालला. ज्या देशांत बर्फ पडते तेथे हे साधले. वर्षातील आठ महिने जेथे झाडाखाली बसता येते त्या आपल्या देशात ते अशक्य कसे?

कोरोनाच्या काळातीलच दोन दाखले घ्या. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे युरोपात सर्वांच्या आधी, शाळा उघडल्या, आणि त्या लहान मुलांपासून उघडल्या. मुलांच्या लहान तुकड्या केल्या, त्या एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत, आणि शक्य तितके शिकविणे अंगणात व बागांत केले. इस्राएलाने मे महिन्यात सर्व वर्ग एकदम उघडले. थोड्याच दिवसांत उष्णतेची लाट आली. तेव्हा मुखपट्टी बांधण्यापासून सूट दिली, खिडक्या लावून गार हवेची यंत्रे चालविली, आणि एकेका खोलीत पस्तीस-अडतीस मुले बसविली. जेरुसलेममधील एकाच शाळेत १५३ विद्यार्थी व २५ कर्मचारी रोगाने पछाडले. दोन्ही ठिकाणी रोग तोच, पण एके ठिकाणी योजना होती व दुसरीकडे घाई. शाळा उघडणे धोक्याचे की सुरक्षित, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कशी उघडली, यावर सारे अवलंबून आहे.

या अनुभवावरून आमच्या मते योजनेची जी मुख्य कलमे निघतात, ती आम्ही येथे मांडतो.

पहिले कलम निर्णय कोणी घ्यावा याचे. गडचिरोलीतील पाड्यावर रोगी एक नाही आणि मुंबईत रुग्णालये भरली म्हणून दोहोंस एकच हुकूम लागू करणे हा न्याय नव्हे. जुलै २०२१च्या आदेशात ग्रामपंचायतीचा ठराव व महिनाभर गावात रोगी नसणे या अटींवर शाळा उघडू दिली, हे त्या दोन वर्षांतील सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार गावाने तर त्याआधीच रोग हटवून आपली शाळा भरविली होती. सरकारने मर्यादा आखून द्याव्या आणि त्या मर्यादांत गावाने, शहरात प्रभागाने, निर्णय करावा. ज्यास आम्ही स्वराज्य म्हणतो ते दिल्लीत वा मुंबईत बसून गावाच्या शाळेचे कुलूप हलविण्यासाठी मिळविलेले नाही.

दुसरे कलम क्रमाचे. सर्वांत शेवटी बंद व सर्वांत आधी उघडी ती शाळा, आणि शाळेतही पहिली ते चौथीचे वर्ग आधी. ज्या दिवशी मद्यालय उघडण्याइतकी हवा निर्मळ झाली असे सरकार म्हणेल, त्या दिवशी बालवर्ग बंद ठेवण्याचे कारण सरकारने लेखी दिले पाहिजे.

तिसरे कलम हवेचे. आरंभी आपण बाकांवर औषधे फवारली आणि मुलांच्या कपाळावर तापमापकाच्या बंदुका रोखल्या. हा रोग मुख्यत्वे श्वासातून, बंद खोलीतील साचलेल्या हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. पण फवारणी डोळ्यांस दिसते आणि वारा दिसत नाही, म्हणून पैसा फवारणीवर गेला. खरी गरज आहे ती समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या पाडण्याची, गंजून बसलेली तावदाने मोकळी करण्याची, पत्र्याखाली झरोके ठेवण्याची आणि पावसाळ्यासाठी रुंद पडव्या बांधण्याची. खोलीतील हवा साचली की नाही हे कर्बवायू मोजणाऱ्या लहानशा यंत्राने कळते. बाहेरच्या हवेत तो दहा लक्ष भागांत चारशेहून थोडा अधिक असतो. वर्गात हजारावर गेला तर खिडकी उघडावी, नाही तर मुले बाहेर न्यावी. जेथे जागा अपुरी तेथे दोन पाळ्या कराव्या, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, तालीम, बाजाराचे ओटे, जे मिळेल ते वापरावे. मोकळी हवा साथ नसतानाही हितकारक आहे, म्हणून या कलमावरचा खर्च वाया जाण्याची भीती नाही.

चौथे कलम शिक्षकांचे. साथीच्या काळात शिक्षकांस घरोघर पाहणीस व तपासणी नाक्यांवर उभे केले. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमात आपत्तिनिवारणाच्या कामास सूट असल्यामुळे ते बेकायदा नव्हते. पण ज्यांस रोग्यांच्या दारी धाडले त्यांस लस देताना मात्र पहिल्या रांगेत धरले नाही. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षकांसाठी दोन कोटी जादा मात्रा जाहीर केल्या, तोवर लसीकरण सुरू होऊन सात महिने उलटले होते. पुढील साथीत वैद्य व परिचारिका यांच्या पाठोपाठ शिक्षकाचा क्रम असला पाहिजे, आणि आजारी शिक्षकास पगारी रजा व त्याच्या जागी बदली माणूस मिळाला पाहिजे.

पाचवे कलम आजारी मुलाचे. रोगी सापडला तर ती तुकडी काही दिवस घरी राहावी, सारी शाळा नव्हे; आणि किती तुकड्यांत रोग शिरला म्हणजे शाळा बंद करावी हा आकडा आधीच ठरलेला असावा. पूर्ण हजेरीचे बक्षीस साथीत बंद ठेवावे, नाहीतर आई ताप लपवून मूल पाठवील. शाळा बंद असली तरी दुपारच्या जेवणाचा शिधा घरी पोहोचला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयास मार्च २०२० मध्ये या गोष्टीची आपण होऊन दखल घ्यावी लागली, हे विसरता कामा नये.

सहावे कलम आईबापांच्या संमतिपत्राचे. आणि येथे कायद्याच्या दृष्टीने दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शाळा उघडताना पालकांकडून लेखी संमती घेण्यात आली. ज्यास मूल घरी ठेवावयाचे त्यास तशी मोकळीक असावी, इतक्यापुरती ती ठीक. परंतु कित्येक ठिकाणी ‘काही झाल्यास शाळा जबाबदार नाही’ अशा अर्थाचे वाक्य त्यात घालण्यात आले. मुलाची काळजी घेण्याचे जे कर्तव्य शाळेवर आहे, ते दुसऱ्याच्या सहीने झटकून टाकता येत नाही. अशा कागदाने कोर्टात फारसा बचाव होत नाही. होते ते एवढेच, की पालकाचा विश्वास उडतो. त्याऐवजी शाळेनेच एक पत्र पालकांस द्यावे: आम्ही खिडक्या इतक्या उघडल्या, मुले इतकी बसविली, रोगी आढळल्यास त्याच दिवशी कळवू. भय हुकुमाने जात नाही, माहितीने जाते.

हे सर्व पाळले जावयाचे तर त्यास कायद्याचा आधार पाहिजे. १८९७ साली, प्लेगच्या दिवसांत, परकीय सरकारने अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा घाईघाईने केला. हुकूम मोडणारास शिक्षा आणि हुकूम करणारास संरक्षण, हे त्याचे सार. पुण्याने त्याचा अंमल कसा भोगला हे येथे सांगावयास नको. तोच कायदा २०२० मध्ये आपल्या हाती होता, आणि त्याच्या जोडीस २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दोहोंत अधिकार पुष्कळ आहेत. पण शाळा किती काळ बंद ठेवता येईल, कारणे किती दिवसांनी पुन्हा तपासावी, बुडालेले दिवस कसे भरून द्यावे, याची तरतूद त्यांत नाही. दुसरीकडे राज्यघटनेच्या २१-अ अनुच्छेदाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि २००९च्या कायद्याने पहिली ते पाचवीस वर्षाचे २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस ठरवून दिले आहेत. मूलभूत हक्क साध्या परिपत्रकाने वर्षानुवर्षे तहकूब राहावा, ही गोष्ट परकीय अमलात शोभली असती; आपल्या राज्यात शोभत नाही. म्हणून आमची मागणी अशी की राज्याच्या विधिमंडळाने साथकाळातील शाळांविषयी स्वतंत्र नियम करावे. कोणताही बंदी-हुकूम एकवीस दिवसांपेक्षा अधिक टिकू नये, तो वाढवावयाचा तर कारणे प्रसिद्ध करावी, आणि बुडालेला प्रत्येक दिवस भरून देण्याचा आराखडा त्याच हुकुमास जोडावा.

सरकारच्या तोंडाकडे पाहत बसणे हेही आम्हांस मान्य नाही. बहुतेक शाळांस कायद्याने व्यवस्थापन समिती आहे व तीत पालकांचे बहुमत आहे. या समितीने येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या शाळेच्या खिडक्या मोजाव्या, गावातील मोकळ्या जागांची यादी करावी, आणि कोणती तुकडी कोठे बसेल याचा एक कागद लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. आमच्या व्यापारी बंधूंनी नावाची पाटी लावून कमानी बांधण्यापेक्षा एका वर्गाला चार खिडक्या व एक पडवी द्यावी. कमानीतून नाव दिसेल हे खरे, पण खिडकीतून वारा येईल.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. येणार नाही असे मात्र शहाणा मनुष्य म्हणणार नाही. ती आली म्हणजे दार लावावे लागेल, कदाचित घाईनेही लावावे लागेल. परंतु ते लावणाराच्या हाती त्याच क्षणी किल्ली असावी, आणि ती कोणत्या दिवशी व कशी फिरवावयाची हे त्यास ठाऊक असावे. ही किल्ली आज, रोग नसताना, घडवून ठेवणे हे आपले काम आहे. ते पहिलीतल्या मुलावर सोपविता येत नाही.